संयोगिताचा नसलेला कारखाना

सांगली, ४ मार्च १९९६

ती. आबांस, संयोगिताचा सा. न. वि. वि.

तब्येत ठीक, डोकं ठीक नाही. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसले, म्हणून कॉलेजातला विद्यापीठाचा उद्योजकता वर्ग केला. तीन महिने सर एकच सांगत होते, नोकरी मागू नका, नोकऱ्या द्या. स्वतः त्यांनी पानपट्टीसुद्धा चालवलेली नाही. रविवारी समारोप आहे. तासगावात माझा बेदाणा पॅकिंगचा कारखाना आहे, चार बाया कामाला आहेत, असं खोटंच मी पाहुण्यांपुढे सांगायचं. सांगितलं, तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतली नोकरी मला मिळवून देतो, असं सर म्हणाले! काय करू?

आईला नमस्कार. तुमची माझ्यावर माया आहेच, ती तशीच राहू द्या.
संयोगिता

फलटण, ७ मार्च

चि. संयोगितास आबाचा आशीर्वाद.

पत्र वाचून टाळकं फिरलं, पन तुज्यावर. एका जागंला पाचशे अर्ज येत्यात. जागा चालत दारात आली, अन् तू इचारतीस काय करू? मिल्ट्रीत मी बी सायबाच्या खोट्याला यस सर म्हनलोय, तवा तू शिकलीस. दोन वाक्यं बोल अन् मोकळी हो. तुजी आई म्हनती, पोरीला खोटं बोलायला लावू नगा. त्यावरनं आमचं भांडान झालंय.

जीव हाय तुज्यावर, म्हनून बोलतो.
आबा

सांगली, १५ मार्च

ती. आबांस, सा. न. वि. वि.

माईकवर मी सांगितलं, कारखाना नाही, बाया नाहीत, आणि वर्गातल्या चाळीस जणांपैकी एकाचाही धंदा नाही. सरांनी माईक हिसकावला. जागा गेली.

पण बातमी त्यांनी आदल्या दिवशीच लिहून दिली होती. मंगळवारच्या पेपरात माझा फोटो, खाली ‘यशस्वी उद्योजिका’. बुधवारी सहा जणी कात्रण घेऊन खोलीच्या दारात, काम द्या म्हणत. पत्ता कॉलेजनंच दिलेला. त्यातली अश्लेषा बी.कॉम., माझ्याच वयाची. मला मॅडम म्हणाली.

सहाही जणींना घेऊन तशीच प्राचार्यांच्या दारात बसले. खुलासा लिहून दिल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. दुपारी दोनला त्यांनी सही केली. आज छापून आला, आतल्या पानावर, दोन ओळी.

निघताना अश्लेषा म्हणाली, खुलासा कशाला मागितलात, काल पेपर आल्यापासून, मला काम मिळणार म्हणून, आमच्या घरात सगळे माझ्याशी नीट बोलत होते.

हवं तेवढं रागवा, पण पत्र थांबवू नका.
तुमची संयोगिता