बंगईवरचा समुद्र

रविवार, ३ जानेवारी १९३७
आजपासून रोजनिशी नियमित. गेल्या वर्षीची १२ जानेवारीला थांबली, ती शाई संपल्यामुळे.
मळ्यात भरिताची पार्टी. सावद्याहून चुडामणआबा आले होते. आमच्या सुनंदाचे होणारे सासरे. केळीचे बडे व्यापारी, माळकरी, आणि खरे बोलण्याबद्दल सबंध तालुक्यात प्रसिद्ध. असा व्याही मिळणे हे भूषणच, पण तो शेजारी जेवायला बसला की घास उतरत नाही.
जो तो फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या गोष्टी सांगत होता. कोणी पुढाऱ्यांना पाणी पाजले, कोणी मांडवाचा बांबू रोवला. मला त्या दिवसांत पोटाने घराबाहेर पडू दिले नव्हते. माणूस गप्प किती वेळ बसणार? मी मुंबई काढली. १९२२ साली शिवडीला कापसाच्या वखारीत होतो, तेव्हा दर रविवारी आम्ही कारकून मंडळी वर्गणी काढून ससून डॉकवरून मचव्यात बसायचो, भर समुद्रात गळ टाकायला. तिथे मी एकट्याने ओढून काढलेली घोळ, समुद्रातला बडा मासा. माझ्याएवढी लांब! सगळे चाट. फैजपूर मागे पडले.
आबा शांतपणे म्हणाले, मले केळीच्या वॅगनसाठी मुंबईले जानंच हाये. तुमी बी चला. मी मासा खात नही, हात बी लावनार नही, पन पाह्यला पाहिजे.
मी म्हणालो, अवश्य.

सोमवार, ४
झोप नाही. सौ. भागाबाईने सकाळी आठवण करून दिली की आबांनी पाडळशाची सोयरीक मोडली होती. मुलीच्या बापाने विहिरीचे पाणी वाढवून सांगितले होते, एवढ्यावरून. माणसानं मासे मारावे का नही हे ज्याचं त्यानं पाहावं, पन खोटं बोलू नही, हे आबांचे ठरलेले वाक्य.
मला काय त्याचे? माझी घोळ खरी आहे. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

गुरुवार, ७
टॅकलचा, म्हणजे गळाच्या सामानाचा, गंभीर विचार. पंधरा वर्षांत जग पुढे गेले असणार. त्या काळी आम्ही हातात नुसती दोरी धरत असू. आता रॉड पाहिजे. मुंबईच्या एका दुकानाचा कॅटलॉग आमच्या कापसाच्या जिनातल्या पारशी मॅनेजरसाहेबांकडे मिळाला. त्यात एकोणीस प्रकारचे हुक आहेत. मला सगळेच योग्य वाटले.
माझ्या हाताखालचा हिलाल धुळ्याचा. म्हणाला, तिथले एक पोलीससाहेब विलायतेला चालले आहेत, बंगल्यातल्या सामानाचा लिलाव आहे, गळाची काठीही आहे. याला म्हणतात योग.

रविवार, १०
धुळे. रॉड घेतला! चामड्याच्या पिशवीत, तीन तुकड्यांचा, टोकाला गवताच्या काडीइतका बारीक. साहेबांचा खानसामा म्हणाला, ही काठी ओढ्यातल्या वीतभर माशांसाठी असते. विलायतेतला ओढा केवढा असेल हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? हिलालही म्हणाला, नाना, हाई काठी ते नुसतीच हालस. मी सांगितले, तोच तिचा गुण.
येताना पारोळ्याच्या पुढे मोटार थांबवावी लागली. पेट्रोलच्या वासाने कोणालाही होईल.

गुरुवार, १४. संक्रांत
रॉडला दोरा गुंडाळायची चक्री नाही, हे घरी आल्यावर लक्षात आले. आज गच्चीवर पोरांचे पतंग पाहताना डोक्यात प्रकाश पडला. पतंगाचीच चक्री तारेने पक्की बांधली. दोरा आपल्या खानदेशी कापसाचा, तीनपदरी, मेण लावलेला. विलायती लाइन कशाला? पाण्यात सूत भिजते अशी शंका सुनंदाने काढली. मुलींना फार शिकवू नये.

रविवार, १७
मेहरूणच्या तलावावर पहिली प्रॅक्टिस. गळ मागे नेऊन जोरात फेकायचा, असे कॅटलॉगातल्या चित्रात आहे. पुढे नेला तेव्हा लक्षात आले की मागे काहीतरी लागले आहे. मेहरूणच्याच लोटनची म्हैस. हुक शेपटीच्या केसांत. म्हैस घराकडे निघाली, चक्री झकास फिरू लागली. दोरा संपला तसा मीही निघालो. लोटन दारातच उभा होता. म्हणाला, नाना, म्हैस काय मासा शे का? बठ्ठं गाव हासी राह्यनं.
दोरा मात्र तुटला नाही. म्हणजे टॅकल उत्तम. शेपटीचे केस कापावे लागले.

बुधवार, २०
आज सौ. स्पष्ट बोलली. बंगईवर दोन झोके घेतले का तुमाले मळमळते, अन् तुमी समुंदरात चालले?
मी चिडलो. पण नंतर विचार केला, सूचना म्हणून वाईट नाही. बंगई म्हणजे मचवाच. उद्यापासून हातात रॉड घेऊन रोज अर्धा तास बंगईवर बसायचे. मन घट्ट, पोट घट्ट. निश्चय.

गुरुवार, २१
चार झोके. ओसरी सौ.ने धुतली. कालचे शेवभाजीचे तिखट बाधले असणार.

शुक्रवार, २९
सराव चालू. काल सहा झोके डोळे मिटून. आज डोळे उघडले, म्हणून तीनच.
बारकाईने आठवता, आम्ही दर रविवारी जात होतो असे नाही. पावसाळ्यात मचवे बंद. होळी-दिवाळीला गावी येत असे. पहिल्या वर्षी ओळखी नव्हत्या. एवढे वजा जाता मी एकदा तरी गेलोच होतो. आणि घोळ माझ्या छातीपर्यंत सहज आली असती, उभी केली असती तर.

शनिवार, ६ फेब्रुवारी
आबांचे पत्र, २१ तारखेचा रविवार नक्की. पोशा तांडेल म्हणून ससून डॉकचा कोळी आहे, त्याच्या मचव्यात दोघांच्या जागा धरल्या. आता सुटका नाही. लग्न वैशाखात आहे. सुनंदा परसात गुणगुणत लुगड्याला काठ लावत होती, मला तिच्याकडे बघवेना. देवा, समुद्र आटव.

शनिवार, १३
उपाय सापडला होता. आबांना कळवले, हिवताप आहे, येता येणार नाही. आज दुपारी आबा स्वतः हजर. सोबत वैद्य आणि केळीचे दोन घड. वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि आबांकडे पाहिले. आबा उशाशी बसून म्हणाले, घाबरू नका व्याही. बरं वाटलं का जाऊ, समुंदर कुठं पळून चालला? मी थांबतो इथी.
ते खरेच थांबले असते. संध्याकाळी मला बरे वाटले.
पडल्या पडल्या एक गोष्ट मात्र स्वच्छ झाली. त्या दिवशी मचव्यात मी आडवा होतो. घोळही आडवी होती. आडव्या माणसाला शेजारची घोळ आपल्याएवढी दिसणे साहजिक आहे. दोरी कोणाच्या हातात होती हा मुद्दा गौण; वर्गणी सर्वांची होती.

शनिवार, २०. स्टेशनवर
सौ.ने आवळकाठीची पुरचुंडी दिली. म्हणाली, मळमळलं का चघळा. मी ती आबांच्या हातात दिली. म्हणालो, आम्हाला सवय आहे, तुम्हाला लागेल.

सोमवार, २२. मुंबई, धर्मशाळेत
लिहितो आहे ते भिंतीला टेकून. भिंत अजून हलते.
काल पहाटे मचवा सुटला. पंधराएक माणसे, सगळी हसतखेळत. रॉड बाहेर काढला तशी जरा जास्तच हसली. मी सर्वांना मेणाच्या दोऱ्याचे महत्त्व समजावले. दीपस्तंभ दिसू लागला तोवर मी उत्तम होतो. नंतरचे मला तळच्या फळ्यांवरून दिसले.
पहिल्याच फेकीत रॉड मधोमध मोडला. तांडेलाने मुठीत एक साधी दोरी दिली. तीही मला धरवेना. मी आबांना म्हणालो, आबा, एवढी धरून बसा, सोडू नका. आबा माळ सदऱ्याच्या आत सारून, आवळकाठी चघळत, दोरी धरून बसले. केवळ माझ्या शब्दाखातर.
मग दोरीला हिसका बसला. सोडू नका, असे मीच सांगितले होते. आबा उठले, पाय रोवले आणि विहिरीतून मोट ओढावी तसे ओढू लागले. तोंडाने बैलांना हाकारे. सगळा मचवा त्यांना साथ देत होता. वर आली ती घोळ. माझ्या कमरेएवढी तरी नक्की. या वेळी मी मान उचलून पाहिले. आणि आबा! त्या माणसाला मी कधी हसताना पाहिले नव्हते. पोरासारखे टाळ्या पिटत होते. माझ्या पाठीवर थापा मारत होते, माझी स्थिती न पाहता.
तेवढ्यात माळ सदऱ्यातून बाहेर लोंबली. आबांनी ती पाहिली. खाली बसले. मासा धक्क्यावर कोळणींना देऊन टाकला. मग माझा हात धरून म्हणाले, व्याही, हा मासा तुमचा. घरी तसंच सांगू. मले पहिल्यांदा खोटं बोला लागते.
डोळ्यांत पाणी होते त्यांच्या. मला फार वाईट वाटले. आणि फार बरेही वाटले. आता माझ्या घोळीला चुडामणआबा साक्षीदार!

रविवार, ७ मार्च
जळगाव ते सावदा, माझाच बोलबाला. आबा खाली मान घालून सांगतात, व्याह्यांनी धरला, म्या पाह्यला. त्यावर शंका कोण घेणार? लोटनसुद्धा रामराम करतो.

सोमवार, १५
घात. शनिवारी विहीणबाई ताईबाईंचा निरोप आला. एवढा थोरला जीव मारणाऱ्याच्या घरची पोर आमच्या देवघरात कशी चालावी? लग्न व्हायचे तर मुलीच्या बापाने आधी माळ घालावी. मांस-मच्छी बंद, गळाला हात नाही, जन्मभर.
खरे सांगावे, तर आबांची इज्जत जाते. शिवाय माझी घोळ जाते. दोन्ही बाजूंनी अडकलो. सुनंदा दोन दिवस जेवली नाही. घालतो बाई, माळ घालतो.

मंगळवार, २३. एकादशी
सावद्याला माळ घातली. ती घातली खुद्द आबांनी. बायका डोळे पुसत होत्या. मागची गाठ मारता मारता आबा माझ्या कानाशी वाकले. वाटले, क्षमा मागताहेत. म्हणाले, तो पोशाचा मचवा दर रविवारी सुटते का हो?

सोमवार, ३१ मे
लग्न थाटात झाले. सुनंदा सुखी आहे. रॉडचा शाबूत राहिलेला बुडखा आबांच्या बागेत केळीच्या घडाला टेकू म्हणून लावला आहे. वजन पेलत नाही.
गुरुवारी सावद्याला गेलो होतो. हल्ली आबांना केळीच्या वॅगनमागे स्वतः मुंबईला जावे लागते, बहुधा शनिवारीच. मला बागेत एकट्याला नेले, इकडेतिकडे पाहिले आणि दोन्ही हात पसरले. मागच्या खेपेची घोळ. म्हणे त्यांच्याएवढी होती, वर चार बोटे जास्त. मी विचारले, कोणी पाहिली? म्हणाले, गडबडीत कोनाचं ध्यान नव्हतं.
मी ऐकून घेतले. त्या बिचाऱ्याला सांगायला दुसरे आहे कोण?
मळमळत नाही का, एवढे मात्र विचारले. आबांनी खिशातून पुरचुंडी काढून दाखवली. आवळकाठी. म्हणाले, तुमच्या घरून दर बुधवारी येते, विहीणबाई धाडतात.
मी सौ.ला यातले एक अक्षर सांगितले नव्हते.
घरी आलो तो ती बंगईवर बसून वाती वळत होती. जरा सरकली, मला जागा केली. मी उभाच राहिलो.