टेकली म्हटलं की उडी

ब्रँडकूम्ब, डेव्हन
मंगळवार, १४ मे १९७४

प्रिय थर्झा,

रविवारी तुझ्याकडून निघताना मी धड निरोपही घेतला नाही. मटण नेहमीसारखं छान भाजलेलं होतं. पुदिन्याच्या चटणीत व्हिनेगर जरा जास्त पडलं होतं, पण तेवढ्यासाठी कोणी अर्ध्या जेवणातून उठून होडीचा दोर बघायला जात नाही. तू मला एक गोष्ट विचारलीस आणि मी पळ काढला. तुझं दार माझ्या दारापासून चाळीस पावलांवर आहे, तरी पत्र लिहितोय. समोर बसलो की मी हवापाण्यावर बोलत राहतो, हे तुला ठाऊक आहेच. पत्र सिलसबद्दल आहे. तुझ्या भावाच्या शेवटच्या सकाळीबद्दल तुला जेवढं माहीत आहे, तेवढं पुरेसं नाही. हे वाचून झाल्यावर तू मला रविवारी जेवायला बोलावणार नाहीस, असं होऊ शकतं. तुझा नवरा विल्फ्रेड गेल्यापासून चार वर्षं माझा आठवडा त्या एका जेवणावर उभा आहे, म्हणून लिहायला बसायलाच दोन दिवस गेले.

तुला आपला किनारा मी सांगायची गरज नाही, पण क्रमानं जायचं तर तिथूनच निघावं लागतं. धक्का नाही, बंदर नाही, नुसता गोट्यांचा उभा उतार. सुकाणूवरच्यानं ‘टेकली!’ म्हणून ओरडायचं आणि पुढच्या टोकाला, नाळेवर बसलेल्यानं दोर घेऊन उडी टाकायची. खाली बघायचं नाही. बघत बसला तर मागची लाट होडी आडवी करते आणि फळ्यांचं सरपण होतं. तशी बघायची गरजही नसते. गोट्यांना तळ एकदा लागला की पुढे पाणी कमीच होत जातं. सिलस चौदा वर्षांचा असताना पहिल्या दिवशी वाकून बघायला गेला, तेव्हा तुझे वडील सगळ्यांदेखत गरजले होते, “काय रे, नवरी बसलीय का पाण्यात? बघतोस कसला, मार उडी!” गाव आठवडाभर त्याला नवरदेव म्हणत होतं. पुन्हा त्यानं कधी खाली पाहिलं नाही. अकरा वर्षं तो माझ्या होडीच्या नाळेवर होता. तोंडातून शब्द निघेपर्यंत गडी कमरेएवढ्या पाण्यात असायचा.

चव्वेचाळीसच्या वसंतात मी नौदलाची चपट्या तळाची होडी चालवत होतो. पुढच्या बाजूला एक फळकूट, ते खाली सोडलं की त्याचा उतार होतो आणि सैनिक त्यावरून धावत जातात. शेजारच्या डॉर्सेटच्या खाडीत आमच्याकडून हेच इतक्यांदा करून घेतलं की मी झोपेतही केलं असतं. वरच्या लोकांनी काही कच्चं ठेवलं नव्हतं, हे मी मान्य करतो. कुठल्या देशात जायचं ते सांगितलं नव्हतं, पण किनाऱ्याचा प्रत्येक खांब आम्हाला पाठ होता. गावांना खोटी नावं होती. विमानातून काढलेले फोटो होते, प्लास्टरचा एक नमुनाही होता. त्यात वाळू, वाळूच्या मागे समुद्राला थोपवणारी दगडी भिंत आणि भिंतीमागे घरं, अगदी चिमुकल्या धुराड्यांसकट.

आमचा अधिकारी पेनफोल्ड म्हणून होता, वय बावीस. मिशी येऊ घातली होती आणि तिला तो फार जपायचा. फोटोतल्या एका काळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, “नॉर्थकॉट, हे लक्षात ठेव. ही खोल पाण्याची चर आहे. तिच्या अलीकडे वाळूचा बांध आहे. होडी आधी बांधावर टेकेल. तिथे फळकूट सोडायचं नाही. इंजिन पूर्ण जोरात, बांध ओलांडायचा, दुसऱ्यांदा टेकली की मग.” मी म्हणालो, “साहेब, आमच्याकडे लांबून काळं दिसतं त्याला शेवाळ म्हणतात.” सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, “तुमच्याकडे गोटे आहेत. तिकडे वाळू आहे, आणि वाळू फसवते.” बरोबर होतं त्याचं. सरावात मी एकदाही चुकलो नाही. ‘फळकूट खाली’ एवढाच हुकूम द्यायचा, तो मी देत असे. गावचा शब्द सरावात कधी तोंडात आला नाही, कारण सरावात मी घाबरलेलो नव्हतो.

सिलस पायदळात होता, हे तुला माहीत आहे. माझ्या होडीत तो कसा आला, ते तुला कधी सांगितलं नाही. जून लागला तेव्हा त्याची पलटण आमच्याच जहाजावर चढली. तीन दिवस आम्ही बंदरात अडकून पडलो. तिथे तो मला भेटला, गालावर काजळी, पाठीवर गाढवाचं ओझं. त्याला दुसरी होडी मिळाली होती. त्यानं सार्जंट गॅमनच्या मागे लकडा लावला. “सार्जंट, या माणसाच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढलीत. सुकाणू बरं धरतो, गातो तेवढा भिकार. मला याच्याच होडीत टाका, आणि पुढची जागा द्या.” गॅमननं विचारलं, “पुढची? सगळे मागची मागतायत.” सिलस म्हणाला, “माझी जागा पुढचीच असते.” एका माणसाशी अदलाबदल झाली. तो माणूस आज एक्झेटरला किराण्याचं दुकान चालवतो. मी दोनदा त्या दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत आलो आहे.

सहा तारखेची सकाळ. दोन तास उभ्या लाटांमधून जायचं होतं. माणसं सकाळचं सगळं ओकली, आणि ओकायला उरलं नाही तेव्हाही ओकत राहिली. सिलसला अर्थातच काही झालं नाही. तो एकदा वळून मला म्हणाला, “रूबेन, यांना सांग रे, मॅकरेल याहून वाईट हवेत धरलेत आपण.” भीती मला नेमकी कधी वाटली ते सांगतो. शेजारची होडी होती, आणि पुढच्या लाटेवर ती नव्हती. तिचा सुकाणूवाला माझ्या ओळखीचा होता. त्यानंतर मला पेनफोल्डचं काही ऐकू आलं नाही. पाण्यात लोखंडी खांब होते, त्यांच्या टोकांना सुरुंग बांधलेले होते, त्यांच्यामधून वाट काढायची होती. मग पायाखाली तळ घासल्याचं कळलं. थर्झा, आयुष्यभर तो घासण्याचा आवाज आला की मी सुटलो, घरी आलो, एवढंच मला माहीत होतं. मी ओरडलो, “टेकली!”

फळकुटापाशी उभ्या असलेल्या खलाशानं तो हुकूम समजून दोर सोडला. बाकी तीस जण सार्जंटकडे बघत होते, कारण त्यांना तो शब्द काहीच सांगत नव्हता. एकालाच सांगत होता. त्यानं खाली पाहिलं नाही. तो गेला आणि चरीत नाहीसा झाला. डोक्यावरून हातभर पाणी होतं आणि पाठीवर तीस किलो. गॅमननं दोन्ही हात पसरून दार अडवलं, “थांबा! एकानंही हलायचं नाही!” पेनफोल्ड माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत होता, “पुढे घे, पुढे!” पाण्यात पडलेल्यासाठी थांबायचं नाही, हा नियम होता, आणि थांबलो असतो तर आणखी तीस गेले असते. पुढे म्हणजे तो जिथे बुडाला तिथूनच. मी होडी दोन हात उजवीकडे काढली. माझ्या हातात तेवढंच होतं आणि मी तेवढंच केलं. लाटेनं आम्हाला बांधावरून उचललं. दुसऱ्यांदा टेकली तेव्हा मी हुकूम बरोबर दिला. तीसच्या तीस जण गुडघाभर पाण्यातून पळत वर गेले. संध्याकाळपर्यंत त्यांतले एकोणीस जिवंत होते, असं मला नंतर कळलं. मागे फिरताना मी त्या जागी पाहिलं, पण पाणी नुसतं तपकिरी होतं.

पुढचे दहा दिवस मी जाताना माणसं नेली आणि येताना जखमी आणले. चौदा तारखेला तुझ्या आईला पत्र लिहिलं. सिलस सगळ्यांच्या पुढे धावत भिंतीपर्यंत पोचला, तिथे त्याला गोळी लागली, त्याला काही कळलंसुद्धा नाही, असं त्यात आहे. भिंतीचे दगड कसे होते, तेही मी लिहिलं. ती भिंत मी प्लास्टरच्या नमुन्यात पाहिली होती. त्या सकाळी धुरामुळे मला भिंत दिसलीच नाही. तुझी आई ते पत्र बायबलमध्ये ठेवायची आणि आल्यागेल्याकडून वाचून घ्यायची. मी समोर असलो तर मलाच वाचायला लावायची, कारण तिचे डोळे गेले होते. मी वाचायचो. शेवटी शेवटी ती म्हणायची, “माझा लेक कोरड्या जमिनीवर गेला, समुद्रानं नाही नेला त्याला.” नवरा समुद्रानं नेलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकल्यावर खरं कधी सांगणार होतो मी?

युद्ध संपल्यावर मी दोन वर्षं ब्रिक्सहॅमच्या ट्रॉलरवर जाऊन राहिलो. पगार बरा आहे, असं तुला सांगितलं होतं. पगार काही खास नव्हता. सेहेचाळीसच्या सुगीच्या जेवणाला तू निळा झगा घालून आली होतीस आणि माझ्या शेजारची खुर्ची कोणालाही बसू दिली नाहीस. मला सगळं दिसत होतं. तुझं माझ्यावर आणि माझं तुझ्यावर प्रेम होतं, हे इथे साफ लिहून टाकतो, पासष्टाव्या वर्षी लाजायचं काय. पण तुझ्या घरात जावई म्हणून जेवायला बसायचं आणि जेवण झाल्यावर ते पत्र वाचून दाखवायचं, हे मला जमलं नसतं. विल्फ्रेड भला माणूस होता. त्यानं तुला विचारलं याचा मला राग आला नाही. मी विचारलं नाही याचा मात्र अजून येतो. घरोघर डाक टाकणाऱ्या माणसाशी तुझं लग्न झालं आणि माझं पत्र मात्र आत्ता येतंय, यावर हवं तर हस.

आता रविवारचं. जेवता जेवता तू फ्रान्सची दोन तिकिटं टेबलावर ठेवलीस. तिसावं वर्ष आहे, गावातले सगळे जातायत. आईच्या थडग्यावरची माती तू बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवली आहेस, आणि म्हणालीस, “भिंत लांबलचक असेल रे. तो कुठे पडला ती नेमकी जागा तेवढी दाखव, म्हणजे आईला तिथे ठेवते.” त्यावर मी उठलो. थर्झा, कुठलाही एक दगड दाखवला असता तर तू मानला असतास, आणि परत येताना बोटीवर माझा हातही धरला असतास. रविवारी रात्रीपर्यंत मी तेच करणार होतो. पण तुझ्या आईला मी तीस वर्षांपूर्वी फसवलं, तिला आता मातीच्या रूपानं दुसऱ्यांदा चुकीच्या जागी ठेवणं माझ्याकडून होणार नाही. मी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिलं आहे. सात जूनला संध्याकाळी सातच्या सुमाराला तिकडे पूर्ण ओहोटी असेल आणि ती चर उघडी पडेल. दोन्ही तिकिटं तुझ्याकडेच आहेत. दुसरं कोणाला द्यायचं ते तू ठरव. मला दिलंस तर मी तुला बरोबर जागेवर नेऊन उभं करीन. बूट घालायची गरज नाही. त्या वेळी तिथे पाणी घोट्यापर्यंतच असतं.

तुझाच, पूर्वीही आणि आताही,
रूबेन