स्टोकच्या पांढऱ्या पडलेल्या फौजेविषयी

मी, सेड्रिक ॲल्विन हॅलम, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार स्नेंटन, नॉटिंगहॅम, शिशाचे सैनिक ओतण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला साचेकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी बळजबरी केलेली नाही, करायला घरात कोणी उरलेलेही नाही. १९९४ साली केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. त्यात ‘नेव्हिल क्रॉपर यास माझ्या दफनाच्या वेळी जवळ फिरकू देऊ नये’ असे एक कलम होते. परवा ते वाचले आणि मला स्वतःची शिसारी आली. कारण पुढे लिहिले आहे.

१. राहते घर व त्यातील सामान माझी मुलगी जिलियन हिला द्यावे. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. जेवणाच्या टेबलाचा वेगळा उल्लेख करतो, कारण तिच्या लहानपणी त्यावर आठ वर्षे माझी शिशाची फौज उभी होती आणि पोरीने मांडीवर ताट घेऊन जेवण केले. एकदा तिने विचारले होते, “बाबा, हे लोक कधी जाणार आपल्या घरी?” मी तिला गप्प बसवले. आता तिने त्या टेबलावर जेवावे. रंगाचे डाग निघणार नाहीत.

२. माळ्यावर शिशाच्या सैनिकांची एकशे बारा खोकी आहेत. सगळी न रंगवलेली. काहींवरचा कागदही फाडलेला नाही. तरुणपणी वाटायचे, विकत घेतले म्हणजे अर्धे काम झाले. साफ खोटे. विकत घेतले म्हणजे फक्त विकत घेतले. ही खोकी आमच्या सैनिक रंगवणाऱ्यांच्या क्लबातल्या कोणालाही ‘आठवण’ म्हणून देऊ नयेत. माझ्या माळ्यावरची अडगळ त्यांच्या माळ्यावर जाईल, एवढेच होईल. जिलियनने सरळ विकून टाकावीत.

३. माझे सात कुंचले आणि भिंग यव्होन बार्क्स हिला. ती दिवसभर ट्राम चालवते आणि गुरुवारी क्लबात येऊन आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले डोळे रंगवते. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली होती, “मिस्टर हॅलम, राग मानू नका, पण तुमचे घोडे कुत्र्यांसारखे दिसतात.” चाळीस वर्षांत हे कोणी सांगितले नव्हते. घोडे खरेच कुत्र्यांसारखे होते. तिला एकच विनंती: कुंचल्याचे टोक जिभेने सारखे करू नये. मी जन्मभर केले.

४. क्लबाचे चिटणीस बॅसिल थ्रोस्बी यांना काहीही देऊ नये. त्यांच्याकडे त्रेचाळीस फौजा आहेत, सगळ्यांना अस्तराचा करडा रंग दिलेला आहे आणि एकही पुरी झालेली नाही. तरीही ते इतरांना ‘काम तडीस कसे न्यावे’ यावर व्याख्यान देतात, तेही तोंडात बिस्किट असताना. ते तुकडे मी वीस वर्षे माझ्या भालेकऱ्यांवरून झटकत आलो. पुरे झाले.

५. आता स्टोकची फौज.

इथून उत्तरेला, ट्रेंट नदीच्या काठी, १४८७ च्या जूनमध्ये राजा आणि बंडखोर यांच्यात स्टोकची लढाई झाली. तिला पाचशे वर्षे होणार म्हणून मी आणि नेव्हिल क्रॉपरने १९७९ मध्ये ठरवले की आपण ती सगळी टेबलावर उभी करायची. अकराशे सैनिक, प्रत्येक इंचभर उंच. सैनिक मी रंगवायचे. टेकडी, घळ, नदी नेव्हिलने करायची. नेव्हिल शाळेत सुतारकाम शिकवायचा. शांत हाताचा माणूस. आठ वर्षे दर रविवारी तो आमच्याकडे यायचा, आणि माझी बायको डोरीन म्हणायची, “आली बघ तुझी दुसरी बायको.”

शेवटच्या आठवड्यात सगळ्या फौजेला नेव्हिलने आपल्या गॅरेजमध्ये वॉर्निश दिले आणि माझ्या घरी आणून ठेवले. चोख काम होते. मला मात्र ते जरा चकाकते आहे असे वाटले. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पाऊस लागला होता. मी एकटाच उठलो, ट्रे मागच्या शेडमध्ये नेले आणि बिनचकाकीच्या वॉर्निशच्या डब्यांनी सगळ्यांवर आणखी एक फवारा मारला. ओल्या हवेत ते मारायचे नसते, हे कारखान्यातल्या पहिल्या महिन्यात शिकलेला माणूस मी. उतावळेपणा, दुसरे काय.

सभागृहात मांडेपर्यंत सगळी फौज पांढरी पडली. राजा, बंडखोर, जर्मन भाडोत्री, आयरिश पायदळ, सगळ्यांच्या तोंडावर बुरशी चढल्यासारखी दिसत होती. लोक वाकून बघायचे आणि पुढे सरकायचे. शेवटी बॅसिलने विचारले, “हे काय झालं रे?”

मी म्हणालो, “वॉर्निश नेव्हिलनं मारलंय.”

एवढेच. अक्षरशः खरे वाक्य होते. तेच त्यातले सगळ्यात घाण.

नेव्हिल शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग फौजेकडे. म्हणाला, “सेड्रिक, थोडं ऑलिव्ह तेल लावून बघू या का? पांढरं जातं कधी कधी.”

“तू हात लावू नकोस,” मी सगळ्यांसमोर ओरडलो. “बस झालं तुझं.”

तो टेकडी, घळ आणि नदी तशीच टेबलावर सोडून घरी गेला. वर्ष संपेपर्यंत क्लबात त्याचे नाव ‘वॉर्निश’ पडले होते. पहिल्यांदा कोणी पाडले ते मला माहीत नाही. हसणाऱ्यांत मी होतो हे माहीत आहे. डिसेंबरात त्याने क्लब सोडला. मी पुढच्या हिवाळ्यात चारशे सैनिक द्रावणात बुडवून खरवडले, नव्याने रंगवायचे म्हणून. तेही अर्धवट राहिले. उरलेले सातशे पांढऱ्या तोंडाने माळ्यावर गेले.

६. २०१८ च्या मार्चमध्ये डोरीन गेली. दफनानंतर लोक घरी आले, हॅमची सँडविचेस खाल्ली, गेले. स्वयंपाकघरात पाण्याचा आवाज येत होता म्हणून गेलो, तर नेव्हिल बाह्या सरसावून कप धूत होता.

“तू कशाला आलास?” मी विचारले.

“डोरीनसाठी आलो.”

“एकतीस वर्षांनी?”

“दर नाताळात भेटायचो आम्ही. बाजारात, चहाला. तुला सांगितलं नाही तिनं?” त्याने कप पालथा ठेवला. “सेड्रिक, वॉर्निशचे रिकामे डबे मी त्याच दिवशी पाहिले होते. माझी करवत परत न्यायला तुझ्या शेडमध्ये आलो होतो.”

मी म्हणालो, “मग बोलला का नाहीस?”

“डोरीननं हात जोडले. म्हणाली, तुझ्याकडे शाळा आहे, बाग आहे, माणसं आहेत. त्याच्याकडे हे एवढंच आहे रे, ते काढून घेऊ नकोस.”

मी त्याला घराबाहेर काढले. होय, काढले. खोटे बोललो मी, बदनामी सोसली त्याने, आणि वर कप धुतले म्हणून त्यालाच हाकलले. त्या दोघांनी मला मूल असल्यासारखे सांभाळून घेतले, याची मला घृणा वाटली. मग वाटले, त्यांची कसली घृणा. माझीच.

त्या मे महिन्यात मी एक ट्रे खाली आणला आणि एका भालेकऱ्याच्या तोंडावर बोटाने तेल लावले. पांढरे निघून गेले. खाली १९८१ साली रंगवलेला चेहरा जसाच्या तसा होता, गालावरच्या लालीसकट. खरवडलेले चारशे परत येणार नव्हते. उरलेल्या सातशेंना मी एकेक करून तेल लावले. त्याला दोन वर्षे लागली.

७. ही फौज, तेल लावलेली आणि खरवडलेली, दोन्ही, नेव्हिल क्रॉपर, वय वर्षे शहात्तर, याला द्यावी. कोणतीही अट नाही. पुरी करायची नसेल तर करू नये. ‘माझे अपुरे काम पुरे कर’ असे मेल्यावर दुसऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. कचऱ्यात टाकली तरी त्याचा हक्क आहे.

८. वरील कलम पाच आणि सहा, माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या गुरुवारी, क्लबात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावीत. बॅसिलने वाचू नयेत, यव्होनने वाचावीत.

(कलम आठ मी स्वतः खोडले आहे. समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. कारण असे:

सहीसाठी शेजारच्या ओल्डरशॉ पतिपत्नींना बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते हे मी सांगितले, पण मिसेस ओल्डरशॉ चाळीस वर्षे सुईण होत्या, त्यांना असले काही सांगून उपयोग नसतो. चष्मा लावून त्यांनी सगळे वाचले.

“मिस्टर हॅलम,” त्या म्हणाल्या, “मेल्यावर खरं बोलणार तुम्ही?”

“सोय म्हणून.”

“सोय कसली! तो नेव्हिल शहात्तर वर्षांचा आहे. तो आधी गेला तर? भित्रट आहात झालं. उद्या गुरुवारच आहे ना?”

वॉल्टर ओल्डरशॉंना ऐकू कमी येते. ते म्हणाले, “काय, कोण गेलं?”

“अजून कोणी नाही,” त्या म्हणाल्या, आणि टेलिफोन उचलून माझ्यापुढे ठेवला.

मी फोन केला. नेव्हिलनेच उचलला. मी म्हणालो, उद्या क्लबात सगळ्यांसमोर काही सांगायचे आहे, ते १९८७ चे आहे, आणि तू तिथे हवास. तो म्हणाला, “चहा अजून तसाच असतो का तिथला?”

“भिकार असतो.”

“मग येतो,” तो म्हणाला. “तेवढं घ्यायला ये मला. माझा गुडघा गेलाय.”)

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, व दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

सही: सेड्रिक ॲल्विन हॅलम

साक्षीदार:
१. मिल्ड्रेड ओल्डरशॉ, निवृत्त सुईण
२. वॉल्टर ओल्डरशॉ, निवृत्त छपाई कामगार

स्थळ: स्नेंटन, नॉटिंगहॅम
दिनांक: बुधवार, १३ नोव्हेंबर २०२४