मुंगी मेली

मंगळवार, दिवेलागणीला

लेगिंग गुडघ्याला चिकटली होती. तेच डोळ्यांपुढून हटत नाही.

दुपारी ओट्यावर बसून उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होते. परी पायरीवरून पडली. मी मान वर न करताच म्हटलं, "मुंगी मेली, मुंगी मेली! ऊठ." माझी आई आम्हाला हेच म्हणायची. परी उठली. रडली नाही. बरं वाटलं मला, काम थांबलं नाही म्हणून. बरं कसं वाटलं?

आत्ता तिचे कपडे बदलायला घेतले तर लेगिंग निघेचना. रक्त वाळून कापड कातडीला चिकटलेलं. कोमट पाण्यानं भिजवून भिजवून सोडवलं.

"काहून नाही सांगितलं मले?"

तर म्हणे, "मुंगी तं मेली न, आई. मले तं नुसतं लागलं."

सहा वर्षांची आहे पोर.

जवळ घेतलं तिला. पण ती ताठ बसून राहिली, जसं मी दुसऱ्याच कुणाला कुशीत घेतलंय. मी तरी माझ्या आईच्या मांडीवर कधी रडले? आठवत नाही. सगळे म्हणायचे, किती शहाणी पोरगी.

गुडघ्याला हळद लावताना परी कळवळली. मला म्हणायचं होतं, रड बाई, पोटभर रड. मनात अगदी तयार होतं वाक्य. तोंडून निघालं, "काही नाही झालं."

तिनं ओठ मिटले आणि शहाण्यासारखी मान हलवली.