उस्मानाबादच्या बाजूनं ओरडणारी माय

प्रिय माय,

गेलेल्या माणसाला पत्र लिहायची मला काही हौस नाही. पण रविवारी उस्मानाबादबरोबर मॅच आहे आणि तुझी नात खेळत नाही म्हणून हटून बसली आहे. तिच्या बापानं, बाळूनं, आधी लाडानं सांगितलं, मग रागावून सांगितलं. खो-खोचे सर घरी येऊन चहा पिऊन गेले. शोभाचा भोकरच्या सासरहून रोज फोन, "अगं, तुम्ही तिथं काय करून राहिलात? एक पोरगी ऐकत न्हाई तुमचं?" प्रगती कुणाचंच ऐकत नाही. हा सगळा गुंता तू करून ठेवलेला आहेस, म्हणून तुलाच लिहिते.

तुझं कळंबचं माहेर आणि लातूरचं सासर आधी एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. मग लातूरचा वेगळा जिल्हा झाला. गल्लीत फटाके वाजले, तुझे मालक, आमचे दादा, पेढे घेऊन आले, आणि तू पेढा हातात धरून विचारलंस, "म्हंजे माझं माहेर आता परजिल्ह्यात गेलं का?" दादा हसले. तू हसली नाहीस. पेढा मात्र खाल्लास.

नव्या जिल्ह्याच्या पोरींची उस्मानाबादच्या पोरींबरोबर पहिली मॅच लागली ते साल दुष्काळाचं. मैदानावर शिंपडायला पाणी नव्हतं. पोरी पळायला लागल्या की नुसता फुफाटा उठायचा. उस्मानाबादच्या संघात निम्म्या पोरी कळंबच्या, एसटीनं आलेल्या, ओठ सुकलेल्या. तू उठून घरी गेलीस आणि रांजणात तळाला राहिलेलं पाणी घागरीत भरून घेऊन आलीस. दादांचं डोकंच फिरलं. म्हणाले, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." तू घागर त्या पोरींपुढं ठेवलीस आणि म्हणालीस, "लांबून आल्यात त्या. त्यांच्या बाजूनं इथं कोण हाय?"

आणि तिथंच बसकण मारलीस, पाहुण्यांच्या बाजूला. आम्हा तिघा भावंडांना शेजारी बसवलंस आणि ओरडायला लागलीस. शेजारची काकू मैदानापलीकडून म्हणाली, "खाती लातूरचं अन् गाती उस्मानाबादचं." तुला ऐकू गेलं होतं ना? त्यानंतर तू आणखी मोठ्यानं ओरडलीस. त्या दिवशी आम्ही पाय न धुता झोपलो, हे तुला कधी आठवत होतं का गं?

पुढं तोच आपल्या घराचा रिवाज झाला. उस्मानाबादचा संघ लातूरला आला की घराला कुलूप. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सतरंजी, आणि सगळं खटलं पाहुण्यांच्या बाजूला. आमची लग्नं झाली तरी सुटका नाही. जावई आले, त्यांनाही तिकडंच बसवलंस. माझे मालक पक्के लातूरचे, बिचारे मूग गिळून टाळ्या वाजवायचे. उस्मानाबादचं धाराशिव झालं तरी तुझ्या तोंडात उस्मानाबादच राहिलं, आणि तुझ्यामुळं माझ्याही.

तोवर सगळी गंमत होती. मग बाळूची प्रगती लातूरच्या संघात आली.

आम्हाला वाटलं, आता तरी माय बाजू बदलेल. सख्खी नात, तुझ्याच मांडीवर वाढलेली. पण सुंभ जळला तरी पीळ जातो का? पोरगी इकडून पळतीय आणि आजी तिकडून तिला धरणाऱ्या पोरींना सांगतीय, "आता दे खो! मागं दे, मागं! अगं, डोळे फुटले का तुझे?" लोक बाळूला विचारायचे, ही तुझीच माय ना? तो मान खाली घालायचा. मला तर तुझा इतका राग यायचा की चटणीचा डबा तुझ्या हातात आदळायची. तू म्हणायचीस, "पोरगी माझी हाय, संघ माझा न्हाई. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! गेल्या वर्षी ते कळलं.

बाळूनं सकाळीच सांगितलं, "माय, या वेळंला तू लातूरकडं बसायचं. न्हाईतर घरी थांब." तू आलीस. लातूरकडं बसलीस. हाताची घडी घातलीस आणि तोंडातून शब्द काढला नाहीस. प्रगती पळायला उतरली आणि दोन खांबांच्या मधल्या रांगेतच धरली गेली, तिचं तिलाही कळलं नाही कशी. ती बाहेर येऊन बसली आणि आपल्याकडं बघत राहिली. आणि तू काय केलंस? पदर सावरलास आणि रिक्षात जाऊन बसलीस. चिडली होतीस बाळूवर, आणि पाठ दाखवलीस पोरीला. एवढं वय झालं होतं तुझं, राग कुणावर काढायचा ते कळू नये?

घरी तू तिच्याशी बोलली नाहीस, ती तुझ्याशी बोलली नाही. दोघी एका मुशीतल्या. आम्ही म्हटलं, बोलतील दोन दिवसांनी. दोन दिवसांनी तुला ताप भरला, आणि आठवडाभरात तू गेलीस. वर्ष होत आलं. आम्हा सगळ्यांना वाटत होतं, आजी विरुद्ध बाजूला ओरडायची म्हणून पोरीच्या मनात अढी बसली आहे. बाळू तर मला म्हणाला होता, "मायनं माझ्या पोरीचा खेळ मोडला." मीही हो म्हटलं, खोटं कशाला सांगू.

काल मी तिला शेवटचं विचारायला गेले. ती बूट पुसत होती. खेळायचं नाही आणि बूट मात्र पुसायचे! मी म्हटलं, "आजीचा एवढा राग असंल तर तिच्या नाकावर टिच्चून खेळ की." तर म्हणाली, "राग कुठं हाय आत्या? आजी ओरडायची म्हणून तर मी पळायची."

मला काही उमजेना. मग तिनं नीट सांगितलं. बसलेल्या पोरींच्या मधून वळणं घेत पळताना पाठीमागं कोण येतंय ते दिसत नाही. सगळं मैदान कालवा करतं, पण तुझा घोगरा आवाज तिला बरोबर वेगळा ऐकू यायचा. तू "आता दे खो" म्हणालीस की ती तिथून सटकायची. तू "मागं दे" म्हणालीस की पुढं सरकायची. "त्या दिवशी आजी बोललीच न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, आता मी तिची कुणीच न्हाई."

माय, हे तू मुद्दाम करत होतीस का? का तुलाही ठाऊक नव्हतं? ठाऊक असून आम्हाला सांगितलं नसशील, तर तुझ्यापुढं हात जोडले. आणि ठाऊक नसेल तर त्याहून जास्त चीड येते, कारण आता सांगायला तू नाहीस. एक शब्द बोलली असतीस पोरीशी! रिक्षात बसायच्या आधी एक शब्द. वर्षभर ती हे एकटीच घेऊन बसली होती.

मी बाळूला सांगितलं. तो भिंतीकडं तोंड करून बसला, मग उठून सतरंजी झटकायला लागला. आज आम्ही गच्चीवर गेलो. प्रगती माझ्याकडं पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "ओरड आत्या." माझा आवाज तुला माहीत आहे, मांजराएवढा. दोनदा ओरडले, तिला हसू आलं. म्हणाली, "आजीवानी चिडून ओरड." चिडायला मला कष्ट पडले नाहीत. तुझी आठवण काढली आणि ओरडले. खालच्या घरातली बाई काय झालं म्हणून बाहेर आली.

पोरगी खेळणार आहे. आम्ही सगळे उस्मानाबादच्या बाजूला बसणार आहोत, बाळूसुद्धा, शोभासुद्धा. मी तिच्याविरुद्ध घसा फुटेस्तोवर ओरडेन, तुला शब्द देते. पण आणखी एक करणार आहे, आणि ते तुला आवडो न आवडो. ती जिंकू दे नाहीतर धरली जाऊ दे, खेळ संपला की मी मैदान ओलांडून तिच्याकडं जाणार आहे. तू गेली नाहीस. मी जाणार.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी नंदा