नूतनच्या नावापुढचं शून्य

सातारा, गुरुवार

नूतनने आज कॉलेज सोडलं. कुणाच्या लॉगिनमधून किती प्रोग्रॅम चालले ते दाखवणाऱ्या प्रगतीच्या तक्त्यात तिच्या नावापुढे कायम शून्य दिसायचं, म्हणून मीच म्हसवडला तिच्या वडिलांना फोन केला होता. दाखला न्यायला आले तेव्हा म्हणाले, "आवं सर, शून्यच हाय तर शिकवायची कशाला? लगीन ठरवलंय."

सोबत आलेल्या नूतनने वही पुढे केली. सगळे प्रोग्रॅम पेन्सिलीने लिहिलेले. एका संगणकावर दोघी बसायच्या. ही वहीतून सांगायची, मैत्रीण स्वतःच्या लॉगिनमध्ये टाइप करायची. माझ्यासमोर! मी तक्ताच बघत बसलो का?

वडिलांना समजावलं. "शब्द दिलाय आता," म्हणाले.

ते गेल्यावर वहीतला पहिला प्रोग्रॅम नूतनच्या लॉगिनमध्ये टाइप केला. लगेच चालला. तक्त्यात शून्याचा एक झाला. आता कुणाला दाखवू?