डोंगर किती साखळ्यांवर

४ तारीख, सोमवार
मोजणीची साखळी तीनदा टाकली. तीनदा तेच! चौकातल्या शून्याच्या दगडापासून डोंगराचा पायथा चौतीस साखळ्या. पिढ्यानपिढ्या दरवर्षी चाळीसच भरत आलाय. मोजणी कचेरीतले मोठे साहेब खेकसले, "पुन्हा मोज!" मग स्वतः आले, मोजलं. चौतीसच!

५ तारीख
दिवसभर पायथ्याशी. या डोंगराकडे बघून डोळे थकत नाहीत. खाली काळं रान, वर निळा खडक — हात ठेवला तर कोमट लागतो. झरे खालून वर चढतात. सावली सकाळीही गावावर, संध्याकाळीही गावावरच!

जुनी माणसं म्हणतात, डोंगराला एक दिवस तहान लागेल आणि गावापलीकडच्या तळ्यावर तो पाणी प्यायला उतरेल. लहानपणी मी हसायचे. आज खडकाला कान लावला तर आतून मोठा हुंकार आला. अंगावर सर्रकन काटा! भीती नव्हे — आपण केवढेसे आहोत, याचंच नवल वाटलं.

९ तारीख
हुकूम निघाला. पायथ्याकडची घरं पंधरा तारखेच्या आत रिकामी करायची. सगळ्यात शेवटचं घर आईचं. सांगायला गेले, तर आईसाहेब भांडी घासत होत्या. "येतोय तर येऊ दे. पाहुणा दाराशी आल्यावर कुणी घर सोडतं का?" मी ओरडले, "चिरडून मरशील!" तर म्हणाली, "आधी जेवून घे." हिच्यापुढे कुणी डोकं फोडायचं!

१२
आई तयार झाली!! अट एकच — जागा तळ्याकाठी हवी आणि खिडकीतून डोंगर दिसायला हवा. रडू आलं मला. उद्या जागा मोजायला जाते.

१३
तळ्याच्या धक्क्यापासून शून्याच्या दगडापर्यंत साखळी टाकली. जुन्या नकाशात बावीस आहे. भरली अठ्ठावीस. त्यानंतर या बाजूने मोजायचं कुणाला सुचलंच नाही. सगळ्यांचे डोळे डोंगराकडे. धक्क्याला लागूनच असलेलं पहिलं घर आता दूर, मध्ये ओली, नवी माती. गवताचं पातंही नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार.

१४
चुकलं नाही. बावीस आणि चाळीस, बासष्ट. अठ्ठावीस आणि चौतीस, बासष्टच! तळ्यापासून डोंगर होता तेवढाच लांब. डोंगर जागचा हललेला नाही. आम्ही निघालोय त्याच्याकडे — चौक, विहिरी, घरं, सगळ्यांसकट.

आईला कुठे नेऊ?